वाटीतोंडाचा ठसा

लोखंडी कढईचे कान कढईस कशानें धरलेले असतात, हें वाचकांनीं एकदां निरखून पाहावें. कानाच्या बुडाशीं लहान, गोल, गुळगुळीत अशीं दोन-तीन डोकीं दिसतील. तीं रिव्हेटांचीं. उकळत्या तेलाची कढई उचलतांना माणसाचे हातपाय या डोक्यांच्या भरंवशावर असतात. १८७० सालीं मुंबई व कलकत्ता हीं शहरें ज्या लोहमार्गानें जोडलीं गेलीं, तो भुसावळाहून खांडव्याकडे जातांना आमच्या सावद्याच्या स्टेशनांतून जातो. त्याच मार्गाच्या पूर्वेकडील टोकास १९४३ सालीं खुला झालेला हावड्याचा पूल सुमारें २६,५०० टन पोलादाचा आहे, आणि त्याचे जोड नट-बोल्टांनीं नव्हे तर रिव्हेटांनीं केलेले आहेत. नव्या पुलांत आतां बोल्ट व वेल्डिंग आलें. कढईचा कान मात्र अद्याप रिव्हेटच धरतो.

रिव्हेटास एक डोकें आधींच असतें. दुसरें, पत्र्यांतून दांडी पार गेल्यावर, ठोकून करावयाचें. नुसत्या हातोड्यानें तें चपटें व फाटक्या कडांचें होतें. म्हणून टोंकाशीं वाटीसारखा खळगा असलेला पोलादी ठसा दांडीवर धरून वर घाव घालतात, म्हणजे डोकें वाटीचा आकार घेतें. असा एक ठसा आपल्या हातानें करावा, या हेतूनें आम्ही कांहीं विद्यार्थी गांवांतील एका वृद्ध लोहारबाबांच्या भट्टीवर गेलों.

आमचा रिव्हेट ६ मिलिमीटर जाडीचा होता. गोल डोक्याचा व्यास दांडीच्या सुमारें १.६ पट व उंची ०.७ पट ठेवतात. हिशेब केला तेव्हां १० मिलिमीटर व्यासाची बेअरिंगमधील गोळी वाटीच्या सांच्यास पुरेशी ठरली. ती अर्ध्याहून किंचित् कमीच रुतवावयाची. वाटी फार खोल झाली तर तिचा कांठ पत्र्यावर टेकतो, पत्रा कापतो, आणि डोकें दाबलें जातच नाहीं. पत्र्याबाहेर दांडी तिच्या जाडीच्या दीडपटीइतकी ठेवावी. त्याहून कमी राहिली तर वाटी भरत नाहीं.

पोलाद म्हणून बाबांनीं मोटारीची एक मोडकी स्प्रिंग दिली. तिचा वेढा तापवून सरळ केला, वीतभर तुकडा तोडला व एक टोंक थोडें निमुळतें केलें. पोलाद नारिंगी रंगावर असतांना ठोकावें. काळसर तांबूस झालें कीं थांबावें, नाहींतर आंत चिरा जातात. पांढरें होऊन ठिणग्या उडूं लागल्या तर तें जळालें असें समजावें. मग गोळी ऐरणीवरील भोकाच्या ठोकळ्यांत बसवून, लाल टोंक तिच्यावर उभें धरून घण मारला. तीन तापांत वाटी उमटली. रात्रभर ठसा राखेंत पुरून नरम केला, दुसऱ्या दिवशीं कानशीनें कांठ साफ केला, आणि लांकडी काडीस एमरी व तेल लावून वाटी आंतून घासली. या घासण्यास सर्वांत अधिक वेळ लागला. वाटींत राहिलेला प्रत्येक ओरखडा पुढें प्रत्येक डोक्यावर उमटतो.

येथपर्यंत सर्व ठीक चाललें. पाणी देण्याच्या वेळीं आम्हीं लाल टोंक सरळ बादलींतील थंड पाण्यांत बुडविलें; ‘टिक्’ असा आवाज झाला आणि वाटीच्या कांठास उभी चीर गेली! बाबा हंसले व म्हणाले, “पोरांनो, ही स्प्रिंग तेल पिते, पाणी नाहीं.” अशा स्प्रिंगेचें पोलाद तेलांतच सावकाश निववावें लागतें, पाण्याच्या झटक्यानें पातळ कांठ आधीं आंखडतो व फाटतो. शिवाय ठसा पालथा बुडविला तर वाटींत वाफ कोंडते आणि आंतील भाग कठीण होत नाहीं.

दोन दिवस पुन्हां खपून दुसरा ठसा केला. यावेळीं चुंबक चिकटेनासें होईपर्यंत टोंक तापवून तें भुईमुगाच्या तेलांत तिरकें घालून हालविलें. इतकें कठीण पोलाद कांचेसारखें ठिसूळ असतें. म्हणून टोंक घासून लखलखीत केलें व ठशाची दुसरी बाजू तापविली. उष्णता पुढें सरकते तसे रंग धांवतात : गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. वाटीपाशीं जांभळा, म्हणजे सुमारें २८० अंश सेल्सियस, पोंचतांच ठसा तेलांत टाकला.

घाव बसतो तें डोकें मात्र मुद्दाम नरम ठेवून त्याच्या कडा घासून उतरविल्या. त्याचें कारण विचारतां बाबांनीं आपल्या डाव्या डोळ्याकडे बोट केलें. तरुणपणीं छत्रीसारख्या पसरलेल्या डोक्याच्या ठशावर घण मारतांना उडालेली कपची त्या डोळ्यांत गेली होती. त्यानंतर बाबांच्या भट्टीवर चष्मा लावल्यावांचून आम्हीं हातोडा उचलला नाहीं.

त्याच संध्याकाळीं एका मित्राच्या घरची कान निखळलेली कढई आणून तिचे रिव्हेट आम्हीं बसविले. डाव्या कानाचें एक डोकें थोडें वांकडें आहे. तें आमचें पहिलें.