काश्मिरी सफरचंद : दोन महिन्यांवर वर्षाचा संसार

दिवाळीच्या सुमारास नवी मुंबईतील वाशीच्या फळबाजारात काश्मिरी सफरचंदांची आवक जोरात असते. दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडून आलेल्या या फळाचा भाव ग्राहकाला महाग वाटतो. मात्र ज्या कुटुंबाच्या बागेतून ते येते, त्या कुटुंबाचा वर्षभराचा खर्च शरद ऋतूतील जेमतेम दोन महिन्यांत निघायचा असतो. सफरचंदाच्या अर्थकारणाचे सारे मर्म या दोन महिन्यांत आहे.

काश्मीरमध्ये या ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. देशातील सुमारे तीन चतुर्थांश सफरचंदे काश्मीर खोऱ्यात पिकतात. शोपियां, पुलवामा, कुलगाम, बारामुल्ला या जिल्ह्यांतील बागा बहुतांशी लहान आणि घरच्याच असतात. सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या पूर्वार्धापर्यंत तेथे तोडणी चालते. घरातील झाडून सारी माणसे बागेत राबतात. जोडीला मजूर असतात.

तोडणीची वेळ साधणे हेच खरे कौशल्य. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला की फळाच्या सालीत लाल रंगद्रव्य तयार होते. घाईने तोडलेले फळ फिके आणि आंबट राहते, तर उशीर झाल्यास ते भुसभुशीत होते किंवा गळून पडते. फळ देठासकट, हलकेच पिळून हाताने काढावे लागते. देठ तुटला वा सालीला धक्का लागला, तरी त्याची प्रत घसरते. पुढे आकार व रंगानुसार निवड करून फळे पेटीत भरली जातात. पॉपलरच्या लाकडाची पेटी आणि तिच्यात भाताचा पेंढा ही जुनी पद्धत. आता पुठ्ठ्याची खोकीही वापरात आली आहेत. गळालेल्या व डागाळलेल्या फळांना मात्र अगदीच कमी भाव मिळतो.

बर्फ लवकर आला तर

जानेवारीतील बर्फ सफरचंदाला मारक नसून उपकारक असतो. त्या वेळी झाड निष्पर्ण असते आणि वसंतातील बहरासाठी त्याला दीर्घ थंडीची गरजच असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र फांद्यांवर पाने आणि कधी कधी फळेही असतात. ओला, जड बर्फ पानांवर साचतो आणि त्या भाराने फांद्या मोडतात, प्रसंगी बुंधाच दुभंगतो. नोव्हेंबर २०१८, नोव्हेंबर २०१९ आणि ऑक्टोबर २०२१ मधील अकाली हिमवृष्टीने हेच घडवले. ही हानी एका हंगामापुरती नसते. पारंपरिक जातीच्या नव्या रोपाला भरघोस फळ धरण्यास अनेक वर्षे लागतात. तोवर ती जागा उत्पन्नाविना राहते.

रस्ता बंद, हिशेब उलटा

दुसरे संकट रस्त्याचे. खोऱ्यातील बहुतांश माल जम्मू-श्रीनगर महामार्गानेच बाहेर पडतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये या मार्गावर सफरचंदांचे हजारो ट्रक खोळंबले होते. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अतिवृष्टी व भूस्खलनाने महामार्ग उद्ध्वस्त झाला आणि ऐन तोडणीत माल वाटेतच सडला. जून २०२५ मध्ये खोरे रेल्वेने उर्वरित देशाशी जोडले गेले होते. त्यामुळे सप्टेंबरमध्ये बडगामहून दिल्लीसाठी सफरचंदांची पार्सल गाडी सुरू करता आली. तरीही मुख्य भिस्त रस्त्यावरच आहे.

माल सडला तर तोटा कोणाचा? अनेक बागायतदार वसंतातच खते-औषधांसाठी अडत्याकडून उचल घेतात. शरदातील माल मग त्याच अडत्याकडे जातो. विक्री होईपर्यंत फळ बागायतदाराच्याच नावावर असते. विक्रीनंतर भाडे, हमाली, अडत आणि उचल वजा होऊन उरलेली रक्कम हाती पडते. ट्रक चार दिवस अडकला, तर भाडे चुकत नाही, भाव मात्र पडतो.

यावर दोन उपाय पुढे आले आहेत. पहिला शीतगृहांचा. पुलवामातील लस्सीपोरा येथे नियंत्रित वातावरणाची शीतगृहे उभी राहिली आहेत. तेथे ऑक्सिजनचे प्रमाण घटवून फळाचे पिकणे लांबवले जाते. त्यामुळे भाव येईपर्यंत महिनोन्‌महिने थांबता येते. मात्र ज्याच्या डोक्यावर उचल आहे, त्याला थांबणे परवडतेच असे नाही. दुसरा उपाय घन लागवडीचा. बुटक्या खुंटांवरील ही झाडे दोन-तीन वर्षांत फळ देऊ लागतात आणि त्यांतील काही जाती ऑगस्टमध्येच तयार होतात. त्यामुळे फळांपुरता बर्फाचा धोका टळतो. पण तारांचा आधार व ठिबक सिंचनाचा सुरुवातीचा खर्च लहान बागायतदाराला जड जातो.

शेवटची पेटी गेली की गळालेली पाने आणि छाटलेल्या डहाळ्या जाळून कांगडीसाठी कोळसा केला जातो. हिवाळ्याची ऊबही बागच पुरवते. पुढील वसंतात औषध फवारणीसाठी पुन्हा उचल घ्यावी लागणार की नाही, हे मात्र बाजारातून येणारी हिशेबपट्टी ठरवते.