दाहाबोन नदी : नाव, सीमा आणि उच्चार

कॅरिबियन द्वीपसमूहातील हिस्पानिओला बेटाच्या पश्चिम भागात हैती व पूर्व भागात डोमिनिकन प्रजासत्ताक ही राष्ट्रे वसली आहेत. त्यांच्या सीमेचे उत्तर टोक दाहाबोन नदीने आखले आहे. मध्यवर्ती पर्वतराजीत उगम पावून सुमारे ५५ किलोमीटरांच्या प्रवासानंतर ती मान्सानियो उपसागरात अटलांटिकला मिळते. तिचे दुसरे नाव ‘मासाक्र’, म्हणजे ‘कत्तल’ असे आहे.

हे नाव १९३७ च्या हत्याकांडावरून पडले असा समज आढळतो. तो यथार्थ नाही. अठराव्या शतकात स्पॅनिशांनी येथे फ्रेंच बुकानियरांची जी कत्तल केली, तिच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. १७७७ च्या आरान्हुएस तहाने ही नदी फ्रेंच व स्पॅनिश वसाहतींची सीमा ठरली. ऑक्टोबर १९३७ मध्ये हुकूमशहा राफाएल त्रुहियो याच्या आज्ञेने सीमाप्रदेशातील हजारो हैतीवंशीय मारले गेले, तेव्हा जुने नाव नव्याने अन्वर्थक ठरले.

या हत्याकांडाशी एक भाषिक कसोटी निगडित आहे. पार्सलीची जुडी दाखवून तिचे स्पॅनिश नाव ‘पेरेहील’ उच्चारावयास सांगत, आणि ज्याचा ‘र’ चुके तो हैतीचा ठरे, अशी आख्यायिका आहे. या स्पॅनिश शब्दातील ‘र’ जिव्हाग्राच्या वर्त्सावरील एका आघाताने उत्पन्न होतो. हैतीच्या क्रिओल भाषेत त्याचे स्थान मृदुतालूपाशी आहे. अक्षरान्ती तर तो लोप पावला आहे. म्हणूनच फ्रेंच ‘पेर्सील’चे क्रिओलमध्ये ‘पेसी’ झाले. वस्तुतः ‘पेरेहील’ व ‘पेसी’ या दोहोंचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे.

तथापि प्रत्यक्ष भाषाव्यवहार या कसोटीहून पुष्कळ गुंतागुंतीचा होता. इतिहासकार रिचर्ड टुरिट्स यांच्या संशोधनानुसार बळी पडलेल्यांपैकी अनेक जण त्या प्रदेशातच जन्मलेले व द्विभाषिक होते. त्यांना स्पॅनिश ‘र’ अवघड नव्हता. परंतु त्यामुळे त्यांचे प्राण वाचले नाहीत. दोन भाषा जेथे एकाच घरात नांदत होत्या, तेथे उच्चारावरून राष्ट्र ओळखता येते ही समजूत राज्यसत्तेच्या सोयीची होती.

नदीवरील वाद मात्र शमलेला नाही. सीमेवरील नद्यांच्या पाण्यावर उभय राष्ट्रांचा न्याय्य हक्क १९२९ च्या तहाने मान्य केला आहे. तरीही मारिबारू मैदानाच्या सिंचनासाठी हैतीत खोदल्या जाणाऱ्या कालव्यावरून सप्टेंबर २०२३ मध्ये डोमिनिकन शासनाने सीमा बंद केली.