न दुखणारे दुखणे



गेल्या उन्हाळ्यात पारोळच्या बाजूला एका वीटभट्टीवर कातकरी बाईने मला थांबवले. "ताई, नवऱ्याचे पाय सुजतात. लघवीला साबणासारखा फेस येतो. पण दुखत काहीच नाही." दुखत नाही म्हणून दवाखाना लांबत गेला होता. रक्त तपासले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत मिळते. पण त्यात आठवड्याचे दोन-तीन दिवस जातात आणि त्या दिवसांची मजुरी बुडते. ती कोणतीच योजना भरून देत नाही.

हे आधी कळले असते का? कळू शकते, आणि ते लघवीतूनच.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. गाळणी म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुंता. त्याला बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बिलगलेल्या असतात. टोपलीच्या कामट्या एकमेकींत गुंफाव्यात तसे त्यांचे पाय गुंफलेले असतात. त्यामुळे घाण बाहेर जाते आणि रक्तातील प्रथिने आत राहतात. मधुमेह किंवा रक्तदाब वाढला की या पेशींची पकड सुटते आणि त्या लघवीवाटे वाहून जातात. शरीर त्यांच्या जागी नव्या पेशी फारशा घडवू शकत नाही. काही आजारांत लघवीत प्रथिने दिसण्याआधीच या पेशी सापडतात, असे संशोधकांना आढळले आहे.

ही पेशींची तपासणी अजून प्रयोगशाळांपुरतीच आहे. पण त्यानंतरची खूण, म्हणजे लघवीतील प्रथिने, आपल्या आवाक्यात आहे. १८२७ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. प्रथिने असली की ती गढूळ होई. आज कागदी पट्टी ते काम मिनिटभरात करते. पट्टीतून सुटणारी थोडी गळतीही अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणीत सापडते. हे प्रमाण ३० च्या वर असेल आणि तीन महिन्यांनी पुन्हा तसेच आले, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. केवळ रक्तातील क्रिएटिनिनवर विसंबू नये. मूत्रपिंडाची निम्मी ताकद जाईपर्यंत ते ठीक दिसू शकते.

मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल किंवा घरात मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी लघवी तपासावी. कंबर दुखते म्हणून रोज वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. भट्टीवर ही सवय सर्रास दिसते.

पाड्यांवर जाताना आम्ही आता वजनकाट्याबरोबर पट्ट्याही नेतो. तुमच्या देणगीतून पट्ट्या येतात आणि रुग्णाचे दवाखान्यापर्यंतचे गाडीभाडे निघते. पण एक विनंती आपल्यासाठीही आहे. साखर आणि रक्तदाब वसईच्या आपल्या घरांतही आहेत. रविवारच्या मिस्सानंतर आईवडिलांना विचारा, लघवीची तपासणी शेवटची कधी केली होती?

यिर्मया १७:१० मध्ये परमेश्वर माणसाचे जे पारखतो, त्यासाठी मूळ हिब्रू शब्द 'मूत्रपिंडे' असा आहे. मराठी शास्त्रात त्याचे 'अंतर्याम' झाले. आत खोलवर जे मुकाट चालले आहे ते त्याला दिसते. आपल्याला ते वेळेत दिसावे, एवढ्यासाठीच ही छोटीशी पट्टी.