रस्त्याचे नाव आणि नागरिकांची जागा

दिल्लीतील विजय चौकात उभे राहून रायसिना टेकडीकडे पाहिले की, मला एका जुन्या वादाची आठवण होते. इंडिया गेटपासून ठळक दिसणारे राष्ट्रपती भवन आपण जसजसे जवळ जातो तसतसे चढणीआड जाते. विजय चौकातून प्रामुख्याने दिसतो तो घुमट. हा प्रासाद मार्गावरून सतत दिसावा, असा वास्तुरचनाकार एडविन ल्युटेन्स यांचा आग्रह होता. सचिवालयाच्या इमारतींचे रचनाकार हर्बर्ट बेकर यांच्याशी त्यांचे याच चढावरून बिनसले. चढ बदलला गेला नाही. सत्ता दुरून भव्य दिसावी आणि जवळ जाताच दिसेनाशी व्हावी, ही या मार्गाची उपजत खोड ठरली.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. त्यातून आखला गेलेला हा मार्ग ‘किंग्जवे’ म्हणवला गेला. स्वातंत्र्यानंतर त्याचा ‘राजपथ’ झाला, म्हणजे जवळपास भाषांतरच. १९५५पासून प्रजासत्ताक दिनाचे संचलन येथे स्थिरावले. पाचव्या जॉर्जचा पुतळा मात्र इंडिया गेटजवळच्या छत्रीतून हलण्यास १९६८ साल उजाडले.

तरीही हा रस्ता लोकांचा झाला, तो नामफलकामुळे नव्हे. ऑक्टोबर १९८८मध्ये महेंद्रसिंह टिकैत यांच्यासह लाखो शेतकरी लगतच्या बोट क्लबच्या हिरवळीवर ठाण मांडून बसले. उसाचा भाव आणि विजेचे दर हे त्यांचे प्रश्न राज्यकर्त्यांच्या दारापर्यंत आले. पुढे १९९०च्या दशकात येथील मेळावे बंद करून आंदोलकांना जंतरमंतरकडे वळवण्यात आले. २०१७मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तेथेही मज्जाव केला. जुलै २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही ठिकाणची सरसकट बंदी अमान्य केली. रहिवाशांचा हक्क आणि निदर्शनांचा हक्क यांत समतोल साधणारे नियम करण्यास पोलिसांना सांगितले.

८ सप्टेंबर २०२२ रोजी राजपथाचा ‘कर्तव्यपथ’ झाला आणि त्याच छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा पुतळा उभा राहिला. नव्या पायवाटा, भुयारी मार्ग आणि हिरवळ यांचा आनंद आज असंख्य कुटुंबे घेतात. त्याचे स्वागतच केले पाहिजे. वसाहतकालीन खुणा पुसण्यामागील भावनाही समजण्याजोगी आहे. परंतु कर्तव्य केवळ नागरिकांचे नसते. शांततेने, निःशस्त्र एकत्र येण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ने दिला आहे आणि त्यासाठी जागा राखणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. सभेच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत, लेखी कारणांसह निर्णय मिळावा, इतकी तरी हमी हवी. संचलन पाहायला येणाऱ्या नागरिकाला गाऱ्हाणे मांडण्यासाठीही येथे उभे राहता आले, तर या मार्गाचे नवे नाव सार्थ ठरेल.