ताटाआधीचे अन्न : वारली चित्र कसे पाहावे?

पणदऱ्यातली असोत वा पुण्यातली, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना स्थिरचित्र काढावे लागते. समोर मांडलेली भांडी, फळे, भाज्या पाहून गोलाई आणि छायाप्रकाश दाखवायचा असतो. याच मापाने वारली चित्र पाहिले, की अनेकांना ते लहान मुलाने काढल्यासारखे वाटते. तसे का नाही, ते समजून घेऊ.

अन्न कुठे दिसते?
वारली चित्रात नुसती मांडून ठेवलेली फळांची टोपली सहसा नसते. अन्न दिसते ते कामात. भाताची लावणी, खळ्यावर गोल फिरणारे बैल, धान्य कांडणाऱ्या बायका, ताडावर चढलेला माणूस, जाळ्यातले मासे. ताटात येण्याआधी अन्न कुठून कुठून जाते, ते इथे कळते.

रंग कशाचा?
परंपरेने गेरू किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग वापरतात. बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला होतो. शेतात पिकणारा तांदूळच चित्राचा रंग बनतो.

साधे म्हणजे सोपे?
टोकाला जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड, गोल म्हणजे डोके. चेहरा नाही. तरी वरचा त्रिकोण जरासा कलला, की लावणी करणाऱ्या बाईची वाकलेली पाठ ओळखू येते. इतक्या कमी रेषांत हे साधणे अवघड आहे.

ही कला कोणाची?
लग्नघरातला चौक सुवासिनी रंगवत आल्या आहेत. १९७०च्या दशकात डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागद आणि कापडावर नेली. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पाहायचे कसे?
मोबाइलवर चित्र मोठे करा आणि एकाच आकृतीवर थांबा. ती काय करते आहे? तिच्या हातात काय आहे? मग पूर्ण चित्र पाहा. विकत घेताना चित्रकाराचे नाव आवर्जून विचारा.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा. पणदऱ्याच्या बागायती पट्ट्यात ऊस सगळीकडे दिसतो. आपल्या चहातल्या साखरेचे असे चित्र काढायचे ठरले, तर पहाटे फडात उतरणारी ऊसतोड टोळी त्यात आपण कुठे काढू?