वजनकाटा आणि मोजपट्टी

"त्यांचे घराणेच जाड," असे आपण सहज बोलतो. परंतु अंबरनाथहून लोकलने येणारा आमचा एक सडपातळ सहकारी चाळिशीतच मधुमेही निघाला, तेव्हा आम्हाला प्रश्न पडला, की अंगावर मांस नसलेल्या माणसाला हा रोग कसा झाला? त्यासंबंधी वाचून जे समजले ते विद्यार्थी व सभासदांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

शरीरात चरबी किती व कोठे साठावी, यावर अनुवंशाचा प्रभाव असतो. २००७ साली 'एफटीओ' या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध दिसून आला. त्याचा वजन वाढविणारा प्रकार आई व वडील दोघांकडून मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन सरासरी ३ किलोंनी अधिक भरले. अशी इतरही अनेक जनुके आहेत; प्रत्येकाचा वाटा लहान असतो. चरबी पोटावर साठावी की मांड्यांवर, हे ठरविण्यातही जनुकांचा हात असतो. पोटातील चरबी मधुमेहाला अधिक पोषक ठरते.

आपल्याकडील परिस्थिती मात्र विशेष आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. आपली बाळे स्नायूंनी कृश होती, पण चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ साली डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना 'लॅन्सेट' नियतकालिकात मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के!

मात्र जन्मजात ते सारे जनुकीयच, असे नव्हे. गर्भवतीच्या आहारातील पालेभाज्या, फळे व दूध यांचा बाळाच्या वाढीशी संबंध असल्याचे याच अभ्यासात दिसले. तसेच शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये 'एफटीओ'चा परिणाम सौम्य होतो, हे २०११ साली दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून स्पष्ट झाले.

म्हणून जाड माणसाला खादाड म्हणून हिणवू नये आणि सडपातळ माणसाने निर्धास्त राहू नये. घरात शिवणकामाची मोजपट्टी असतेच. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपेक्षा अधिक भरल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर घेराची वाट न पाहता तपासणी करावी. अनुवंश आपण बदलू शकत नाही. पण त्याची ओळख वेळीच करून घेणे आपल्या हाती आहे.