जेद्दात तीन सामने, तीन पराभव : भारतीय बास्केटबॉल नेमके कुठे अडते?

जेद्दा हे नाव आपल्या घरांत सगळ्यांच्या ओळखीचे आहे. हज-उमऱ्याला जाणारे तिथे उतरतात, कुणाचा भाऊ, कुणाचा मामा तिथे कामाला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये याच शहरात आशियातली सर्वात मोठी बास्केटबॉल स्पर्धा, म्हणजे फिबा आशिया कप, भरली होती. त्यात भारताचा संघ होता आणि त्याचा कर्णधार होता तमिळनाडूचा मुईन बेक हफीज. आपल्याकडे मात्र क्रिकेटच्या गोंगाटात हे कुणाच्या कानावर फारसे आलेच नाही. म्हणून ही मोहीम कशी झाली आणि तिच्यातून आपल्या मुलामुलींनी काय घ्यायचे, हे आम्ही इथे सोपे करून सांगत आहोत.

स्पर्धा कशी होती?

एकूण १६ संघ, चार-चार संघांचे चार गट. गटात पहिला येणारा थेट उपांत्यपूर्व फेरीत. दुसरा आणि तिसरा संघ आणखी एक सामना खेळून पुढे जाणार. चौथा थेट घरी.

भारताला इथपर्यंत येणेही सोपे गेले नव्हते. नेहमीच्या पात्रता फेरीत जागा मिळाली नाही, तेव्हा मार्च २०२५ मध्ये बहारीनच्या मनामा शहरात शेवटची संधी होती. तिथे इराक आणि यजमान बहारीनला हरवून आपण जेद्दाचे तिकीट मिळवले. पुढे गट मिळाला तो अवघड : चीन, जॉर्डन आणि यजमान सौदी अरेबिया.

हातातून निसटलेला सामना

५ ऑगस्टला पहिला सामना जॉर्डनशी होता. जॉर्डन वर्ल्ड कप खेळलेला संघ, त्यामुळे आपण सहज हरणार असेच सगळे धरून चालले होते. पण आपली पोरं शेवटच्या क्षणापर्यंत पुढे होती. वेळ संपता संपता जॉर्डनच्या फ्रेडी इब्राहिमने लांबून तीन गुणांचा बास्केट टाकला आणि बरोबरी झाली. मग पाच मिनिटांचा जादा वेळ. त्यात दम आणि अनुभव दोन्ही जॉर्डनकडे जास्त निघाले. निकाल ९१-८४, भारत पराभूत.

बास्केटबॉलमध्ये ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून बास्केट झाला तर दोनऐवजी तीन गुण मिळतात. त्यामुळे तीन गुणांची आघाडी म्हणजे एका फेकीचा खेळ. अशा वेळी मोठे संघ कधी कधी मुद्दाम फाऊल करतात. समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, पण तीन गुणांची संधी जाते. हे करायचे की नाही, कुणी करायचे, कितव्या सेकंदाला करायचे, हे डोक्यात आपोआप यावे लागते. वर्षाला असे पाच-दहा अटीतटीचे सामने खेळणाऱ्यालाच ते येते.

पुढे चीनने आपल्याला १००-६९ असे हरवले. सौदीकडूनही हार झाली आणि भारत गटात चौथा राहिला. याच चीनला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने ९०-८९ असे, फक्त एका गुणाने हरवले. म्हणजे आपण कुणाशी खेळत होतो, याचा अंदाज येतो.

उंची कमी म्हणून हरतो का?

वर्गात मुले हमखास हेच विचारतात. उंचीचा फायदा आहेच, रिंग ३.०५ मीटर उंचावर असते. पण खरी अडचण दुसरीकडे आहे. आपल्याकडे वर्षभर चालणारी पक्की व्यावसायिक लीग नाही. बरेच खेळाडू रेल्वे, सेना, पोलीस किंवा बँकेची नोकरी सांभाळून खेळतात. चीन, जॉर्डनचे खेळाडू महिनोन्‌महिने लीगचे सामने खेळून येतात.

दुसरे कारण नियमाचे. प्रत्येक संघाला नंतर नागरिकत्व मिळालेला एक परदेशी खेळाडू घेता येतो. जॉर्डन आणि सौदी याचा पुरेपूर फायदा घेतात. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने आपल्याला ही वाट जवळपास बंद आहे.

तरीही आपला इतिहास अगदीच कोरा नाही. १९७५ च्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला होता. १९८० मध्ये मॉस्को ऑलिम्पिक खेळला. २०१४ मध्ये तर वुहानला जाऊन भारताने चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ असे हरवले होते. तेव्हाचे प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंगच जेद्दातही संघासोबत होते.

आपल्या मुलींचे काय?

२०१४ च्या इंचॉन आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितले गेले. त्यांनी नकार दिला आणि सामने सोडून दिले. त्यावर जगभर आवाज उठला. शेवटी फिबाने नियम बदलला आणि ऑक्टोबर २०१७ पासून डोके झाकून खेळायला परवानगी मिळाली. म्हणजे "हिजाबमध्ये खेळताच येत नाही" हे कारण आता उरलेले नाही. त्याच २०१७ साली बेंगळुरूला भारतीय महिला संघाने आशिया कपच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून विजेतेपद मिळवले. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली.

आम्ही शिक्षक रोज पाहतो : सातवीपर्यंत मैदानात सर्वात पुढे पळणारी मुलगी आठवीत गेली की खिडकीतून खेळ बघत बसते. तिला कुणी रागावलेले नसते. फक्त घरात "आता बस झालं" एवढेच म्हटलेले असते. अम्मी-अब्बांनी या एका वाक्याचा पुन्हा विचार करावा.

बीडमध्ये काय करता येईल?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आशियाई खेळांत स्टीपलचेसचे सुवर्ण घेऊन आला. बीडच्या सचिन धसने १९ वर्षांखालील वर्ल्ड कपच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा केल्या. तेव्हा "बीडमध्ये काय होणार" हे म्हणणे सोडून द्यायला हरकत नाही.

बास्केटबॉलचे पूर्ण मैदान २८ बाय १५ मीटरचे, ते प्रत्येक शाळेला जमणार नाही. पण थ्री बाय थ्री हा प्रकार आता ऑलिम्पिकमध्ये आहे. एकच रिंग, अर्धे मैदान, प्रत्येकी तीन खेळाडू, दहा मिनिटांचा सामना. जो आधी २१ गुण करेल तो जिंकला. शाळेच्या अंगणात एक मजबूत खांब, एक रिंग आणि एक चेंडू असला तरी सुरुवात होते.

पालकांनी शाळा उघडली की क्रीडाशिक्षकांना एवढे विचारावे : शालेय स्पर्धेसाठी १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटात आपल्या शाळेचे नाव जाते का? या स्पर्धा तालुका किंवा जिल्ह्यापासून विभाग आणि राज्यापर्यंत जातात. नियमात बसणारी कामगिरी असेल तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, आणि पुढे सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. सहभागाची प्रमाणपत्रे फाईलमध्ये नीट जपून ठेवा, ऐनवेळी तीच लागतात.

जॉर्डनविरुद्ध जे शेवटचे काही सेकंद आपल्याला जड गेले, त्यांची तयारी शाळेच्या मैदानावरच होते. तालीम आणि खेळ यांत भांडण लावू नका. असर आणि मगरिबच्या मधला तासभर वेळ मुलांना मैदानासाठी द्या, मुलींनाही.